टँकरचा पहिला नंबर

दर्शना दिवसभर महाडच्या क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटरची पायथन भाषा शिकवी आणि संध्याकाळच्या एसटीने कापडे गावाच्या वरच्या वाडीत परते, तेव्हा तिच्या अंगात हंडा उचलायचंही त्राण नसे. नवरा मंगेश मुंबईला. घरी सासू ठकूबाई, तीही गुडघ्यांनी जेरीस आलेली.

वैशाखात वाडीला टँकर येतो आणि विहिरीत ओतला जातो. पहिल्या घराला निवळ पाणी, मग बाकीची घरं ओळीने, शेवटच्याला गाळ. ओळीत शेवटचं घर दर्शनाचंच. पहिला नंबर चिठ्ठीने ठरायचा. यंदा शेजारच्या साळूबाईने रान उठवलं की चिठ्ठ्या काढणारा सदू त्यांना खुणा करतो. झालं, सगळे दर्शनाच्या दारात. "मशीनला काय भाऊबंद नाय. तूच काढ नंबर," सदूच म्हणाला.

नको म्हणायचं बळ तरी हवं ना! तिने लॅपटॉपवर दोन याद्या केल्या, वरच्या वाडीची आणि खालच्या वाडीची. टँकर जिथे जाणार त्या वाडीचं नाव टाकायचं, की त्या यादीतलं एक घर आपोआप निघे. पहिल्याच दिवशी तिचं स्वतःचं घर निघालं. लोक हसले. पुढच्या खेपेलाही तिचंच निघालं, तेव्हा कोणी हसलं नाही.

चूक तिची होतीच. निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवायची, सगळ्यांची पाळी होईपर्यंत परत घालायची नाही, ही वाडीची रीत. लग्न होऊन आल्यापासून पाहिलेली, पण प्रोग्रॅममध्ये घालायची राहिली. मशीन दरवेळी सगळ्या घरांतून निवडत होतं. तिने हे समजावून सांगितलं, पण ऐकतंय कोण? "शिकलेली माणसं, त्यांचं बरोबरच असतं," साळूबाई म्हणाली.

दर्शनाला ते फार लागलं. त्या संध्याकाळी तिने चूक दुरुस्त केली आणि त्याच रागात स्वतःचं घर यादीतून काढून टाकलं. म्हटलं, नको तो पहिला नंबर, निदान नाव तरी राहील.

नाव कसलं राहतंय! आता पाळीपाळीने सगळ्यांची घरं निघू लागली, तिचं तेवढं निघेना. साळूबाईने विहिरीवर सगळ्यांदेखत विचारलं, "आता कशी निघत नाय गो तुजी चिठ्ठी? बोललो तवाच हात आखडलास ना?" यादीतून आपलं घर आपणच काढलं, हे आता कोणाला खरं वाटलं असतं?

ती गढूळ पाण्याची कळशी घेऊन घरी आली. ठकूबाई पडवीत गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. सुनेकडे न बघता ती हळूच म्हणाली, "लोकांचं मनावर घेऊ नको गो. मी काय कोणाला सांगाय जात नाय. आदी करीत होतीस तसं परत कर. माज्यानं आता गाळ उपसवत नाय."

दर्शनाने कळशी खाली ठेवली आणि तिथेच बसली. आधीचे नंबर सुनेनेच फिरवले, हे सासूलाही खरंच वाटत होतं.