सासऱ्यांचा अंगठा

सासरेबुवांनी आयुष्यभर पूल बांधले. नुसते बांधले नाहीत, घरीदारी त्यांची वर्णनंही केली. त्यामुळे होणारी सून ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ आहे असं कळलं, तेव्हा ते चष्मा पुसत एवढंच म्हणाले, “सॉफ्टवेअर ठीक आहे. इंजिनिअर कशाला?”

लग्नानंतर हा टोला सूनबाईच्या ताटात रोज वाढला जाऊ लागला. “तुमचं काही अडलं की तुम्ही बंद करून पुन्हा चालू करता. माझा पूल असा बंद-चालू करता आला असता का?” नाहीतर, “वाळू नाही, सिमेंट नाही, कपड्यांना डाग नाही. याला टायपिंग म्हणतात!”

ती हसण्यावारी न्यायची. पण बोचायचं. बोचणार नाही तर काय! ती लिहायची तो प्रोग्रॅम इस्पितळातल्या पंपावर चालायचा, पेशंटच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणाऱ्या. सिमेंट नसेल, पण त्यावरही माणसांचा भार होताच की.

एका रविवारी दुपारी ती जेवणाच्या टेबलावर त्या पंपाचा नवा पडदा, म्हणजे बटणांचा स्क्रीन, लॅपटॉपला जोडून तपासत बसली होती. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळांकडे रवाना व्हायचा होता. पेपर वाचून संपल्यावर सासरे रेंगाळत आले.

“कसलं खेळणं हे?”

“पेशंटला फार दुखायला लागलं की नर्सनं जादा डोस द्यायचा, त्याचं बटण. बघा दाबून.”

सासऱ्यांनी दाबलं. पडदा क्षणभर विचारात पडला. विचार करणाऱ्या वस्तूंचा सासऱ्यांना मनस्वी राग. स्वतःच्या घराची बेलसुद्धा ते आतून “आले, आले!” ऐकू येईपर्यंत दाबत राहायचे. त्यांनी अंगठा पुन्हा रोवला.

पडद्यावर दोन डोस नोंदले गेले.

“बाबा, दोनदा का दाबलंत?”

“पहिल्यांदा लागलं की नाही, ते कुणी सांगितलं मला?” मग त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा खुलला. “सापडली ना खोट! म्हणून मी म्हणतो, हे काही...”

“थांबा हो जरा!” लग्न झाल्यापासून प्रथमच तिनं त्यांचं बोलणं तोडलं. हात कीबोर्डवर होते, म्हणून साहेबांना फोन लावला तो स्पीकरवरच.

साहेब वैतागले. “अगं, शिकलेल्या नर्स आहेत त्या. दोनदा कोण दाबेल?”

“माझ्या सासऱ्यांनी दाबलं.”

“ते नर्स आहेत का?”

“नाही, इंजिनिअर आहेत.”

पलीकडे उसासा ऐकू आला. “हे बघ, उद्या जाऊ दे. पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू. अडवून धरलंस, तर टीम लीडची जागा तुला मिळेल असं मला सांगता येणार नाही.”

त्या जागेसाठी ती कितीतरी दिवस डोळे लावून बसली होती. तिनं पडद्याकडे पाहिलं. ते दोन डोस अजून तिथंच होते.

“मंजुरीखाली नाव माझं लागतं, सर. मी नाही लावणार.”

फोन कट झाला. सासरे पुटपुटले, “पुढच्या आठवड्यात म्हणे! आधी गाड्या सोडा, मग खांब उभे करा!” मग आवाज खाली आणून म्हणाले, “जागा गेली का गं?”

“जाईलही.”

“रडायचं असेल तर रडून घे. मी तिकडे बघतो.”

“आत्ता वेळ नाही, बाबा. आधी हे नीट करते.”

सासऱ्यांनी खुर्ची ओढली. “नीट झालं की पुन्हा बिघडवून बघायला माणूस लागेल ना?”

आतून सासूबाईंची हाक आली, “अहो, चहा गार होतोय!”

“झाकून ठेव. दोन्ही इंजिनिअर कामात आहेत.”

“दोन्ही? सकाळपर्यंत तर घरात एकच होता!”

“मोजण्यात चूक झाली होती,” सासरे मान वर न करता म्हणाले आणि त्यांनी बटणावर अंगठ्याचा असा सपाटा लावला, की सूनबाईला पडदा ओढून घ्यावा लागला.

“बाबा! अजून दुरुस्त व्हायचंय ते!”