निर्व्यसनी गुरुजींच्या गालातले ठिपके

दिवाळीच्या सुट्टीत आमची लेक प्राची घरी पालमला आली, ती बॅगेत काचपट्ट्या घेऊनच. परभणीला एमएस्सी करते. तंबाखू खाणाऱ्यांच्या गालातल्या पेशींत काय बिघाड होतो, हा तिचा प्रोजेक्ट...

खाणारे काय, स्टँडवर उभं राहिलं की एसटी भरून मिळतात. पंचाईत झाली ती काहीच न खाणाऱ्यांची. तुलनेला तेही लागतात म्हणे.

आमचे गुरुजी लगेच पुढे सरसावले. गुरुजी म्हणजे माझे मिस्टर, शाळेत शिक्षक. सगळं गाव म्हणतं म्हणून मीही गुरुजीच म्हणते. दरवर्षी व्यसनमुक्तीची प्रभातफेरी काढतात, तंबाखूला कधी शिवलेसुद्धा नाहीत. "घे, माझा गाल घे. असा स्वच्छ गाल तालुक्यात घावायचा न्हाई!"

प्राचीनं लाकडी काडीनं त्यांचा गाल आतून हलकेच खरवडला, काचेवर पसरवला आणि काचा कॉलेजात घेऊन गेली.

नंतर तिचा फोन आला... मला, त्यांना नाही. मायक्रोस्कोपमधला फोटोही पाठवला. पेशीत मधोमध गोल केंद्रक, आणि काही पेशींत त्याच्या शेजारी आणखी एक बारीक ठिपका. गुणसूत्रांना इजा झाली की त्यांचा तुटलेला तुकडा असा बाजूला पडतो, म्हणाली. "मम्मी, थोडे सगळ्यांतच असतात. पण पप्पांचे तंबाखूवाल्यांइतके आहेत. ते खातात तरी काय?"

माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या शर्टाचा खिसा आला. सुपारी! जेवण झालं की सुपारी, तास संपला की सुपारी... आमच्याकडे सुपारी पूजेला, सुपारी पाहुण्याला, तिला व्यसन कोण म्हणणार? गुरुजींनीही तेच विचारलं, "सुपारी काय व्यसन हाय का?"

मग मला ठेचा आठवला. वर्षभर ठेचा काय, भाजी काय, खाताना ते माझ्या नावानं बोटं मोडत होते, "तू मिरची लय टाकायलीस." मी मिरची कमी करत करत भाजी पार सपक करून टाकली, तरी यांना झोंबायचीच. आरशापुढे उभं करून तोंड उघडायला लावलं, तर पूर्वीसारखं उघडेना. मी खरंच घाबरले. दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन परभणी गाठली.

दातांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं... आतून जे ताठर झालंय ते पुरतं सैल होणार नाही, पण आज थांबलात तर पुढचं मोठं दुखणं टळू शकतं. गुरुजींनी खिसा रिकामा केला. मला मात्र ताकीद दिली, "कुणाला सांगू नको. प्रभातफेरी काढणाऱ्याची अब्रू जाईल."

आणि परवा माझ्या माहेरी, झरीला माझ्या भाचीची सुपारी फुटली, म्हणजे लग्न ठरलं! फोडलेल्या सुपारीचे तुकडे वडीलधाऱ्यांच्या हातावर ठेवतात. तुकडा तोंडात टाकला म्हणजे सोयरीक पसंत.

"दाजी, घ्या," भावानं ताट पुढं केलं. गुरुजींनी तुकडा उचलला आणि तसाच हातात धरून बसले. मुलाकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. माझा जीव टांगणीला... एका तुकड्यानं काय होतंय, असं मीच म्हणणार होते.

तेवढ्यात ते उभे राहिले. "सोयरीक मला लय पसंत हाय. पर ह्या सुपारीनं माझ्या गालाची वाट लावलीय, तोंड पुरं उघडंना गेलंय. म्हून मी खाणार न्हाई." तुकडा कपाळाला लावला आणि ताटात ठेवला.

 मग मुलाचे चुलते हळूच त्यांच्याजवळ सरकले. "गुरुजी, मला बी साल झालं तिखट सोसंना गेलंय. त्या डॉक्टरचा पत्ता देता का?"

"पत्ता कशाला? उद्या मीच येतो तुमच्या संगं."

काल दोघं खरंच एसटीनं परभणीला जाऊन आले. खरं सांगते, माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान मला आमच्या लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता...