काइझरश्टूलवर बाबा

सप्टेंबर लागला की आमच्या जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या बाजारात नव्या वाइनच्या बाटल्या येतात. अजून पुरती न आंबलेली, ताकासारखी गढूळ वाइन. तिचं झाकण घट्ट लावत नाहीत, लावलं तर बाटली फुटते. म्हणून ती उभीच न्यायची असते. मी दर वर्षी ती पिशवीत आडवी ठेवते आणि दर वर्षी घरी येऊन पिशवी धुते. मुलगा त्यावरून मला शुद्ध जर्मनमध्ये सुनावतो. मराठी त्याला सगळं कळतं, पण शहाणपण शिकवायचं असलं की हटकून जर्मनच सुचते. मी ऐकून घेते, कारण त्या वासाने माझं लक्ष केव्हाच दुसरीकडे गेलेलं असतं. आई-बाबा आमच्याकडे आले होते, त्या सप्टेंबरकडे.

त्या वर्षी जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला होता, आणि तो संपून उन्हाळा सरला तरी शेजाऱ्यांच्या बाल्कनीतले झेंडे उतरले नव्हते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मी आणि माझा नवरा दोघंही सॉफ्टवेअरवाले, दिवसभर ऑफिसात. मुलगा तेव्हा झाला नव्हता, मागे घरात हे दोघंच. आईने पहिल्याच आठवड्यात पिवळ्या पिशवीत कोणता कचरा टाकायचा हे माझ्यापेक्षा पक्कं केलं. बाबा रोज सकाळी बस स्टॉपवर जायचे, बस वेळापत्रकाप्रमाणे येते का ते पाहायचे, आली की समाधानाने घरी परत. बसमध्ये बसायचे मात्र नाहीत. हायडेलबर्गचा किल्ला बघून झाला, नदी बघून झाली. पुढे काय दाखवायचं, हा प्रश्न होता.

तो नवऱ्याने परस्पर सोडवला. एका संध्याकाळी तो हातात गुटशाइन घेऊन आला. गुटशाइन म्हणजे भेट म्हणून द्यायचं कूपन, इकडच्या लोकांचा फार आवडता प्रकार. फ्रायबुर्गच्या अलीकडे काइझरश्टूल म्हणून डोंगर आहे, विझलेला ज्वालामुखी, त्यावर सगळे द्राक्षमळे. तिथे घोड्यावरून फेरी, सोबत गाइड, वाटेत वाइन चाखायची. चौघांसाठी. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला सुचवलं होतं, आणि याचा चेहरा असा फुलला होता की रागवायचंही जिवावर यावं. तरी मी रागावले. घोडा आणि वाइन. माझ्या वडिलांनी जन्मात ज्या दोन गोष्टींना हात लावला नाही, नेमक्या त्याच शोधून आणल्या होत्या जावयाने.

वाइनचं त्याला माहीत होतं. आम्ही बौद्ध, आणि बाबा पंचशील नुसतं म्हणत नाहीत, पाळतात. खोकल्याचं औषध घेतानासुद्धा बाटलीवरचं वाचून घेणारा माणूस. घोड्याचं मात्र त्याला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघराचं दार लावून मी त्याला ते सांगितलं. मलाही ते आईनेच सांगितलेलं, माझ्या लग्नाच्या आधी.

बाबांचं लग्न साठच्या दशकातलं. आईचं गाव परभणीकडचं. बाबा त्यांच्या घराण्यातले पहिले पदवीधर. कॉलेजच्या मित्रांनी तालुक्याच्या टांगेवाल्याकडून घोडा आणला आणि पांढऱ्या कपड्यातल्या बाबांना त्यावर बसवलं. वाजतगाजत मंडळी आईच्या गावाच्या वेशीपाशी आली, तर वेशीत गावातली मोठी माणसं उभी. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. त्यातला एक म्हातारा म्हणाला, पोरा, उतर. लग्नाला आमची ना नाही, घोड्याला आहे. बाबांचे मित्र हमरीतुमरीवर आले, पण बाबांनी त्यांना आवरलं. आपण उद्या निघून जाऊ, सासऱ्याला जन्मभर याच गावात राहायचंय, असा विचार त्यांनी केला. ते उतरले. घोडा तिथूनच परत गेला. इकडे आई घरात नटून बसलेली. नवरा घोड्यावर येतोय म्हणून मैत्रिणींनी तिला चिडवून बेजार केलेलं. अंगणात आले ते चालत आले. पुढे सगळं नीट झालं, वंदना झाली, जेवणं झाली. त्या गोष्टीबद्दल दोघंही एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

लहानपणी आम्हा भावंडांना यातलं काही माहीत नव्हतं. माथेरानला गेलो की बाबा आम्हाला घोड्यावर बसवायचे आणि स्वतः मागून चालत यायचे. बाबा घोड्याला भितात, हा आमच्या घरातला ठरलेला विनोद होता. बाबा तो ऐकायचे, हसायचे, आणि चालायचे.

ऐकून नवऱ्याचा चेहरा उतरला. रद्द करतो म्हणाला. पण आईला कुणकुण लागली होतीच. जाऊ की, ती म्हणाली, घोड्यावर बसाच म्हणून कोण मागं लागलंय? डोंगर तरी बघतील ते. मग ठरलं असं की फेरी जिथे संपते त्या गावात, द्राक्षमळेवाल्यांच्या घरी आई-बाबांनी आरामात बसायचं आणि आम्ही दोघांनी डोंगरावरून जायचं.

त्या घरी पोचलो तर द्राक्षांचा तोडा जोरात चाललेला. मळेवाल्याची बायको अंगणात कांद्याचा ढीग घेऊन बसली होती. नव्या वाइनबरोबर इकडे कांद्याचा केक खातात, त्याची तयारी. आईचे गुडघे दुखत होते, ती तिच्याशेजारच्या बाकावर टेकली आणि क्षणभरात सुरी मागून घेऊन कांदे चिरायलाही लागली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. बाबांना मात्र तिथे चैन पडेना. तबेला डोंगराच्या पलीकडच्या गावात होता. तिथवर तुमच्याबरोबर गाडीतून येतो, जरा दगड बघतो आणि चालत फिरतो, म्हणाले.

दगड त्यांनी गाडीतून उतरल्या उतरल्या बघितला. बांधाच्या भिंतीतून निसटलेला काळा तुकडा हातात घेऊन, उलटासुलटा करून त्यांनी जाहीर केलं की हा आपल्याच बेसाल्टचा भाऊबंद. जावई कौतुकाने ज्वालामुखी ज्वालामुखी करत होता, त्याला त्यांनी समजावून सांगितलं की अख्खा मराठवाडा लाव्हावरच वसलेला आहे, आपण जन्मापासून ज्वालामुखीवरच राहतो, तिकीट काढून बघायला येत नाही एवढंच.

गाइड पन्नाशीची बाई होती. घोगरा आवाज, चिखलाचे बूट, आणि माणूस समोर आला की त्याला कामाला लावायची सवय. घोडे तिकडच्या ब्लॅक फॉरेस्टमधले, थोराड, तांबूस अंगाचे, सोनेरी आयाळीचे. आमची ओळखपाळख व्हायच्या आत तिने बाबांच्या हातात खरारा दिला. बाबाही निमूट खरारा करू लागले. ती त्यांच्याशी मोठ्याने जर्मन बोलत होती, ते तिला हळू आवाजात मराठीत उत्तरं देत होते. घोडा किती शहाणा आहे यावर दोघांचं एकमत दिसत होतं. मग तिने खुंटीवरचं हेल्मेट काढलं, त्यांच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावून टाकला. मी धावत पुढे झाले. म्हटलं, हे बसणार नाहीत. ती गोंधळून बाबांकडे बघू लागली.

बाबांनी हेल्मेट काढलं नाही. घोड्याच्या मानेवर हात ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बसून बघतो."

मी बाजूला सरकले. बोलले असते तर त्यांनी विचार बदलला असता. गाइडने लाकडी पायरी आणली, बाबांनी एकदा धोतर सावरावं तशी पँट सावरली आणि वर चढले. पाठ ताठ. वर्गात फळ्यासमोर उभे राहायचे तशी.

त्या फेरीचं मला आता काय आठवतं? पिवळ्या मातीत खोल गेलेल्या वाटा, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच भिंती आणि त्यांत मधमाश्यांनी पाडलेली भोकं. वर आलं की एकदम उघडं आकाश, पायऱ्यापायऱ्यांचे मळे, दूर फ्रान्सचे निळे डोंगर. तोडणीवाल्यांच्या हाका. आणि पुढे सतत बाबांची पाठ. माझा घोडा दर दहा पावलांवर चरायला थांबायचा, मी त्याला मराठीत झापायचे, बाबा मागे वळून सांगायचे की लगाम जरा आखूड धर. पहिल्यांदाच बसलेला माणूस मला शिकवत होता. मी लहान असताना ते मला सायकल शिकवत तोच आवाज. इतकं बरं वाटत होतं की मी भांडलेसुद्धा नाही.

माथ्याजवळ एका बाकापाशी थांबलो. गाइडने खोगिराच्या पिशवीतून बाटल्या आणि फडक्यात गुंडाळलेले ग्लास काढले. वाइन कशी चाखायची याचं तिचं एक शास्त्र होतं, आधी रंग, मग वास, मग घोट. बाबांना मी द्राक्षाचा रस मागितला. तिच्याकडे तोही होता, पण वास घ्यायला काय हरकत आहे, असं तिने मला विचारलं. मी ते बाबांना विचारलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला. वास घेणं हे पिणं होत नाही, असा निकाल दिला आणि नाक ग्लासात घातलं. म्हणाले, गुळाची ढेप फोडल्यासारखा वास आहे. मी जर्मनमध्ये गूळ म्हणजे काय ते सांगता सांगता घामाघूम झाले. गाइड मात्र खूश. आल्झो, म्हणजे असं तर, ती म्हणाली, आजवर लोकांनी मला नुसती सफरचंदं आणि मध सांगितला.

मग उतरायला लागलो. मळ्यातली कच्ची वाट खाली गावात जाते, तिथे डांबरी रस्ता सुरू होतो आणि गावाच्या नावाची पिवळी पाटी लागते. पाटीपाशी गाइडने घोडा थांबवला, खाली उडी मारली आणि हात वर करून म्हणाली, इथे सगळ्यांनी उतरायचं, गावातून घोडे हाताने न्यायचे.

नवरा सवयीने हुकूम पाळून मोकळा झाला होता. खाली उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तो लगाम धरून माझ्याकडे बघत राहिला. बाबांना भाषेची गरज नव्हती. पाटी दिसत होती, पहिलं घर दिसत होतं, हात दिसत होता.

"का म्हणून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, रस्ता उताराचा आहे, डांबरावर नाल घसरतात, सगळ्यांनाच उतरवतात. खरंच होतं ते. बाबांनी रस्त्याकडे नीट बघितलं. "उतार आहे खरा," म्हणाले, आणि रिकिबीतून पाय काढला.

तो पाय बघून मला राहवलं नाही. कुणी समजावून सांगितलं की या माणसाला पटतं. त्या वेळीही पटलंच होतं. मला त्यांच्या त्या समजूतदारपणाचा जन्मात कधी आला नव्हता इतका राग आला, आणि तितकीच मायाही आली.

"बाबा, थांबा," मी म्हटलं.

मी घोडा गाइडपाशी नेला. माझं जर्मन ऑफिसातलं. त्यात बग आहेत, डेडलाइन आहेत, सुट्टीचे अर्ज आहेत. वेस नाही, वरात नाही. तरी सांगितलं. हे माझे वडील, लग्नाच्या दिवशी घोड्यावरून माझ्या आईच्या गावी गेले होते, गावाच्या सुरुवातीला त्यांना उतरवलं. तिने विचारलं, रस्ता खराब होता का? मी म्हटलं, नाही, रस्ता चांगला होता. आमच्यासारख्या माणसांनी त्या गावातून घोड्यावर बसून जायचं नव्हतं. तिने पुन्हा विचारलं, कोणी ठरवलं? मी म्हटलं, गावाने.

तिने रस्त्याकडे बघितलं, कडेला फरसबंदीची अरुंद, खडबडीत पट्टी होती, ती बुटाने चाचपली. स्वतःचा घोडा तिने माझ्या नवऱ्याच्या हातात दिला, बाबांच्या घोड्याचं तोंड जवळून धरलं आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, पाय परत आत घाला. हे बसतील. मी धरते."

मी उतरले. आम्ही सगळे पायी आणि बाबा वर, असे गावात शिरलो. गाइड एकेक पाऊल बघून टाकत होती. मागून द्राक्षांनी भरलेला ट्रेलर ओढत एक ट्रॅक्टर आला, त्याने हॉर्न दिला नाही, आमच्या चालीने मागे मागे येत राहिला. दारात पिंप धुणाऱ्या एका म्हाताऱ्याने पाणी बंद केलं, कडेला सरकला आणि बाबांकडे बघून मान लववली. बाबांनी एका हाताने लगाम धरला होता, दुसरा छातीशी नेऊन त्यांनी त्याला "जय भीम" म्हटलं. म्हाताऱ्याने "गुटन टाग" म्हटलं. मी रस्ताभर रडत होते आणि नाक पुसायला दोन्ही हातांपैकी एकही मोकळा नव्हता, दोन्हींत घोड्याचा लगाम होता.

मळेवाल्यांच्या अंगणाचं मोठं फाटक उघडंच होतं. आई बाकावर बसलेली, पुढ्यात कांदा. टापा ऐकून तिने मान वर केली. माझ्यावरून, नवऱ्यावरून तिची नजर गेली आणि बाबांवर थांबली. ती उठली. गुडघ्यांना हात न लावता उठली.

बाबा घोड्यावरून म्हणाले, "झाला जरा उशीर."

आणि रिकिबीतून पाय काढू लागले.

"अहो, उतरू नका इतक्यात," आई म्हणाली. "मला नीट बघू द्या."