भांगाचे दिवस

त्या कोळणीचा जबाब मी स्वतःच्या हातानं लिहिला होता. निवृत्त झालो, तरी तो जसाच्या तसा आठवतो.

तेव्हा मी मुलुंडच्या खाडीकडच्या एका पोलीस ठाण्यात होतो. साठीची ही बाई सकाळच्या हजेरीलाच येऊन बसायची. "सायेब, खाडी बुजवतायत. तिवरं वाळली, चिखलातली निवटी मासळी गेली. आम्ही खायचं काय?" दोनदा मी तिला "बघतो, मावशी" म्हणून परत पाठवलं. गणपतीचा बंदोबस्त डोक्यावर होता, पण ते निमित्त. चिखलासाठी कसली फिर्याद घ्यायची, असंच मनात होतं. मूर्खपणा माझा!

तिसऱ्या खेपेला, महिन्याभरानं, तिच्यासोबत गेलो. खाडीच्या तोंडावर राडारोड्याचा बांध होता. भरतीचं पाणी आत येईना, म्हणून तिवरांची झाडं उभ्या उभ्या वाळलेली. पंचनामा केला आणि एक डंपर पकडून ठाण्यात आणला.

चालक घाटावरचा. दोन तास नुसती उडवाउडवी. माझा अनुभव असा, की दमदाटीनं माणूस खोटं रचतो आणि चहा पिताना खरं बोलून जातो. त्याला चहा दिला. "साहेब, आम्हाला अष्टमीच्या आसपासच बोलावतात. तेव्हा चाकं रुतत नाहीत."

बाकावरची मावशी ताडकन उठली. "भांगाचे दिवस!" अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते, पाणी वर चढत नाही. त्याला कोळी भांग म्हणतात. "हे याला आमच्यातल्याशिवाय कोण सांगणार?"

चालकानं नाव घेतलं. तिचाच थोरला मुलगा. भराव टाकणाऱ्या ठेकेदारानं त्याला सुपरवायझरची नोकरी देऊ केली होती.

मी पेन खाली ठेवलं. "मावशी, घरी जाऊन विचार करा."

"लिव सायेब. मागच्या दोन्ही अष्टमीला पहाटेच घरातून निघाला होता तो. खाडी पण माझीच न् पोरगा पण माझाच. लिव." रडत रडतच तिनं सही केली.

ठेकेदारासह सगळ्यांवर गुन्हा दाखल झाला. भरपाई म्हणून लांबच्या माळावर रोपं लावतो, असं ठेकेदार म्हणाला. मावशी भडकली. "तिथं भरती जाते का? बांध काढा. पाणी आलं की तिवरं आपली आपण येतील." तिचं म्हणणं अहवालाला जोडलं. न्यायालयानं बांध काढायला सांगितलं.

पहिल्याच दिवशी जेसीबी चिखलात रुतला. पौर्णिमेचं उधाण होतं. जामिनावर सुटलेला मुलगा मान खाली घालून लांब उभा होता. मावशीनं त्याला दंडाला धरून पुढे आणलं. "तुला तिथी कळते ना रे? मग सांग यांना, कधी यायचं."

तो हळू आवाजात सांगू लागला. मी टिपून घेतलं.

तक्रार चिखलाची असली, तरी त्याच दिवशी जागेवर जायचं, हे मी त्या बाईकडून शिकलो. उशिरा शिकलो. तिवरं परत आली, पण एक कोपरा अजून उजाड आहे. मी "बघतो, मावशी" म्हणालो, त्या दोन पंधरवड्यांत बुजवलेला.