मामंजींनी बांधलेलं इंजिन

मामंजींनी मला पसंत केलं ते आमच्या घरची ज्वारी बघून. बार्शीला बघण्याचा कार्यक्रम चालला होता, मी पोह्यांच्या बश्या घेऊन उभी, आणि हे माझे होणारे सासरे भिंतीला लावलेल्या पोत्यात हात घालून ज्वारी तळहातावर पसरत होते. एक दाणा दाताखाली फोडला, मान हलवली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "माल चांगला हाय. खडा न्हाई." माझ्याकडे त्यांनी त्यानंतर बघितलं. हे मी त्यांना आयुष्यभर ऐकवलं. ते म्हणायचे, "अगं, ज्या घरात पोत्यातली ज्वारीसुद्धा निवडलेली, तिथली पोरगी वेगळी काय बघायची? बघितल्यासारखीच की."

सोलापुरात त्यांचं भुसाराचं दुकान होतं. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू हातात घेतल्याशिवाय त्यांना कळायचीच नाही. पाहुणा आला की त्याच्या सदऱ्याचं कापड चिमटीत धरून बघायचे. मला लाज वाटायची. नवऱ्यानं मोबाइलवर नव्या सोफ्याचा फोटो दाखवला तर म्हणाले, "ह्याला हात कुटं लावू?" सोफा आलाच नाही घरात.

दुसरी खोड प्रतवारीची. एका जातीचा माल एका जागी, त्यातही मोठा वेगळा, बारका वेगळा. दुकान बंद केल्यावर ही हौस घरावर आली. माझ्या स्वयंपाकघरातले चमचे ते लांबीप्रमाणे लावायचे. मी मुद्दाम विस्कटायची, ते परत लावायचे. आमचं भांडण म्हणजे एवढंच.

ह्या माणसानं वयाच्या सत्तरीनंतर गाडीचं इंजिन उतरवायला काढलं, त्याला कारण सासूबाई. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पाय काही वाकेना तो वाकेनाच. घरात काठी घेऊन चालायच्या. बाहेर जायचं म्हटलं की पंचाईत. दसऱ्याला आम्ही भाड्याची गाडी बोलावली. पुढच्या सीटवर पाय मावेना. मागं आडवा घातला तर दार लागेना. ड्रायव्हर बिचारा भला होता, पण सासूबाईंनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी परत पाठवली आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

जायचं होतं वळसंगला, त्यांच्या माहेरी. तिथं त्यांचे थोरले भाऊ, अण्णा. अण्णांची नजर गेलेली, त्यांना इकडं येणं शक्य नव्हतं. म्हणजे बहीण गेली तरच भेट. आणि तोंडावर येळवस आली होती. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जातं, कडब्याची खोप करून पूजा करतात, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं जेवण तिथंच होतं. लग्न झाल्यापासून सासूबाईंनी माहेरची येळवस चुकवली नव्हती. पाय मोडल्यापासून मात्र सगळं थांबलं. "अण्णा दरसाली इचारतो, चिन्नी आली का म्हणून," त्या मला म्हणाल्या होत्या. चिन्नी हे त्यांचं माहेरचं नाव. आमच्या घरात ते कुणी घेत नसे.

दारात कडुलिंबाखाली मामंजींची जुनी गाडी उभी होती. बदामी रंगाची, उमेदीच्या काळात घेतलेली. तिची पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत सलग आणि गिअर स्टेअरिंगलाच. सासूबाई दाराला पाठ टेकून बसल्या तर त्यांचा पाय सरळ सीटवर ठेवता येणार होता. पण गाडी कित्येक वर्षं हललेली नव्हती. गॅरेजवाला आला, बघून म्हणाला, "इंजिन जाम झालंय. उतरवून सगळं नवं टाकायचं तर गाडीपेक्षा इंजिन महाग पडंल. भंगारात द्या."

मामंजी म्हणाले, "मग आपणच उतरवू की."

माझा नवरा कपाळाला हात लावून म्हणाला, "बाबा, तुमाला सायकलचं पंक्चर काढता येत न्हाई!"

"म्हणूनच म्हणतो. शिकायचं राहून गेलं बघ."

झालं, सुरू झालं त्यांचं. माझा मोबाइल रोज दुपारी त्यांच्या ताब्यात. कुणीतरी तमिळ माणूस इंजिन खोलतानाचे व्हिडिओ ते बघायचे. मी म्हटलं, "मामंजी, भाषा तरी कळती का?" तर म्हणे, "हात बघायचे, तोंड न्हाई." कडुलिंबाच्या फांदीला साखळी-कप्पी बांधून गल्लीतल्या चौघांनी इंजिन वर उचललं, तेव्हा मी देवाचं नाव घेत दारात उभी होते. फांदी मोडली असती तर गाडीचं आणि माणसांचं, दोन्हींचं भंगार झालं असतं.

नवीन वस्तू घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. जुन्या बाजारात जाऊन पिस्टनच्या रिंगा हातात घेऊन बोटानं चाचपून आणायचे. माझी मोठी परात डिझेलमध्ये भाग धुवायला गेली ती परत आली नाही. तेलाच्या टाकीखालचं पॅकिंग त्यांनी लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापलं. मी बघितलं तर एका पॅकिंगवर कुणाच्या तरी लेकीचं नाव सोनेरी अक्षरांत. हेडचं पॅकिंग तेवढं नवं घ्यावं लागलं, तेव्हा दिवसभर त्यांचं तोंड उतरलेलं. व्हॉल्व्ह घासायला काठीला लावून दोन्ही तळहातांत फिरवत बसायचे, ताकातली रवी फिरवावी तसं. सासूबाई शेजारी खुर्चीत. दोघं मध्येच आपसात कानडीत शिरायचे, तेव्हा भांडतायत की लाड करतायत हे मला बार्शीच्या माणसाला कधी कळलं नाही.

आणि मग त्यांनी त्यांची प्रतवारी केली. इंजिनात चार पिस्टन, प्रत्येकाला एक दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला अर्धगोल टोपी. टोपी आणि दांडा मिळून क्रँकला धरतात. मामंजींनी सगळे दांडे सोडवले, लखलखीत धुतले, आणि चार दांडे एका पिशवीत, चार टोप्या दुसऱ्या पिशवीत घालून ठेवल्या. वर पिशव्यांना दोरा बांधला. सगळ्यांना दाखवलं, "माल कसा लावलाय बघा." तूरडाळ आणि हरभराडाळ कुणी एका पोत्यात भरतं का?

जोडायला घेतलं तर इंजिन फिरेना. हातानं फिरवलं, रॉड लावून फिरवलं, तेल ओतलं. जिथल्या तिथं. शेवटी खरादवाले, म्हणजे लेथ मशिनवर लोखंड कापणारे, रहीमभाई आले. गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान. त्यांनी एक टोपी सोडवून बघितली आणि डोक्याला हात लावला. "अजी मामा, ये क्या कर दिये? हर डंडे की अपनी टोपी रहती. इसकी उसको नै चलती."

"दिसायला तर सगळ्या सारख्याच हायत की."

"दिखने में सारखे. नाप में नै." टोप्यांवर खुणा असतात म्हणे, पण आधीच्या कुण्या मिस्त्रीनं त्या घासून टाकलेल्या. रहीमभाई म्हणाले, सगळं मशिनवर घालून परत कापावं लागेल, आणि ते काम सोलापुरात आत्ता होणार नाही, पुण्याला पाठवा. म्हणजे येळवस गेली.

त्या संध्याकाळी मामंजी जेवायला आलेच नाहीत. मी बोलवायला गेले तर अंगणात पिशव्या मांडीवर घेऊन बसलेले. मला बघून म्हणाले, "जन्मभर केलेलंच काम केलं गं. तेच नडलं." मला फार वाईट वाटलं. रागही आला, कुणाचा ते कळेना.

सासूबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ते इकडं आणा." सूप मांडीवर घेतलं. त्यात चारी दांडे, चारी टोप्या. "जुळवून दावा एकेक." मामंजी टोपी लावून नट आवळायचे, सासूबाई आतल्या गोलाईवरून नख ओढायच्या. सांध्यावर नख अडकलं की म्हणायच्या, "हितं पायरी लागती. ही न्हाई." दुसरी लावायची. निवडण-टिपण केलेली बोटं ती. कधी उलटी लावून, कधी सुलटी. मी भाकरी थापता थापता आतून ऐकत होते, "न्हाई... न्हाई... ही बघा, ही गुळगुळीत हाय." रहीमभाई सगळं बघून गेले आणि जाताना सासूबाईंना हात जोडून गेले. दांडे बसवले, इंजिन फिरलं आणि चौघांनी ते परत गाडीत उतरवलं. मामंजींनी ते कितीदा फिरवलं असेल, मला तर तो खडखड आवाज ऐकून वीट आला.

येळवसच्या सकाळी आम्ही निघालो. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, मिळाली असती तरी तो त्या गाडीत बसला नसता. मी मागं, पुढं ती दोघं. सासूबाईंचा पाय सीटवर, आणि त्याचा पंजा थेट मामंजींच्या मांडीला टेकलेला. नवऱ्याला पाय लागतोय म्हणून त्या प्रत्येक खड्ड्याला हात जोडायच्या. मामंजी समोर बघत म्हणायचे, "लागू दे की. सोडून दे ते." मी मागं बसून हसू दाबत होते.

शेतात पोचलो. अण्णांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि ओरडले, "चिन्नी बंदळा?" चिन्नी आली का? एवढं कानडी मलाही येतं. "ओ अण्णा," असं सासूबाई म्हणाल्या ते एखाद्या शाळकरी पोरीच्या आवाजात. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांना धरून खोपीत नेलं, पूजा झाली, आंबील शिंपून झालं, पानं मांडली. आणि मामंजी मात्र गाडीतून उतरेनात. इंजिन चालूच. "बंद केली आन परत लागली न्हाई तर? माझं ताट हितं द्या."

पण जावई पंगतीला बसल्याशिवाय अण्णा घास घेईनात. अण्णा जेवत नाहीत म्हणून कुणीच जेवेना. पोरंबाळं भज्जीकडं बघत बसली. सासूबाईंनी खोपीतून हाक मारली, "अहो, बंद करा की. माझ्या माहेरचं जेवण काय गाडीत जेवणार तुमी?" मामंजींनी एकदा सासूबाईंकडं बघितलं, एकदा बॉनेटकडं. मग किल्ली फिरवली. शेत एकदम शांत झालं. ते खाली उतरले, हात धुतले आणि पानावर बसले. त्या दिवशी त्यांनी उंड्यावर उंडे खाल्ले.

संध्याकाळी गाडी सुरू झाली नाही. ढकलली, उतारावरून सोडली, काही उपयोग नाही. सासूबाईंना दुसऱ्या कुठल्या गाडीत बसता येत नव्हतं, तेव्हा अण्णांच्या शेतातल्याच घरी मुक्काम पडला. भावजयीनं सासूबाईंच्या केसांना तेल लावलं, भावाबहिणींच्या गप्पा सुरू झाल्या. सकाळी मामंजींनी किल्ली लावली आणि गाडी पहिल्या फटक्यात लागली. ते तिच्यावर इतके चिडले की रस्ताभर बोलले नाहीत.

मार्गशीर्षातली थंडी, उघड्यावरचं घर. परत आल्यावर सासूबाईंना खोकला झाला, छातीत उतरला, आणि संक्रांतीच्या आत त्या गेल्या. माती देऊन घरी आलो आणि माझ्या नवऱ्याचा तोल गेला. भरल्या घरात वडिलांना म्हणाला, "तुमच्या त्या खटाऱ्यापायी आई गेली." आई गेलेली, तो तरी काय करणार. पण बोललेला शब्द मागं घेता येत नाही. मामंजींनी मान खाली घातली ती कितीतरी दिवस वर केली नाही. गाडीकडं बघेनात. चमचे मी कसेही टाकले तरी तसेच राहायला लागले, आणि मग मला रडू यायचं.

एका दुपारी मला म्हणाले, "सूनबाई, त्या दिवशी बंद केली ते चुकलं का गं माझं? चालू ठेवली असती तर सांजच्याला घरी आलो असतो."

सासूबाईंनी मला एक गोष्ट कुणाला सांगू नको म्हणून बजावलेली होती. मी ती सांगितली. म्हटलं, "मामंजी, वळसंगला झोपायच्या वेळी सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'गाडी बिघडली ते लई बेस झालं. लग्न झाल्यापासनं येळवसला आले की सांजच्याला परत. माहेरात एक रात न्हाई काढली. आज अण्णाच्या घरात झोपती मी. त्यांना सांगू नको, जिवाला लावून घेतील, इंजिनाला नावं ठेवली म्हणून.'"

मामंजी माझ्याजवळ सरकून बसले. मग म्हणाले, "परत सांग."

परत सांगितलं. पुढं ते चालूच राहिलं. चहा पिताना, अंगणात बसल्यावर, हळूच म्हणायचे, "सांग की, काय म्हणाली ती?" मी कामात असले तर चिडायची, पण सांगायची. एक शब्द चुकला तरी त्यांना कळायचं. नवऱ्यानंही एकदा दाराआडून ऐकलं, आणि त्यानंतर तो रोज रात्री वडिलांचे पाय दाबायला बसू लागला.

ते आजारी पडले, अंथरुणाला खिळले, बोलणं कमी झालं. तरी मी जवळ बसले की डोळे मिटून बोट हलवायचे. म्हणजे सांग. शेवटच्या दिवशीही सकाळी मी त्यांचा हात हातात घेऊन सांगत होते. "आज अण्णाच्या घरात झोपती मी," इथपर्यंत आले आणि माझ्या हातातला हात सैल पडला. मला कळलं. पण मी थांबले नाही. राहिलेलं सगळं शेवटपर्यंत सांगितलं, आणि मग नवऱ्याला हाक मारली.