एकटीने चार स्टॉप

काजवालीची आई बसने चार स्टॉपवर राहायची, अंथरुणाला खिळलेली, आणि काजवालीला तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. भांडण? छे! भावजयीशी वाकडं? मुळीच नाही. बाईला घराबाहेर पडता येत नव्हतं, बास. लोकांना हे सांगून पटत नाही. "धडधाकट तर आहे, नाटकं हो सगळी!" असं खालच्या मजल्यावरची शेजारीण तोंडावर म्हणायची. तिला काय जातंय म्हणायला!

सुरुवात झाली मोठ्या चौकात. शर्टांच्या कारखान्यात ती काजं करायची. एका संध्याकाळी सुटल्यावर चौक ओलांडताना एकाएकी छाती धडधडली, श्वास पुरेना, हात बधिर झाले आणि आता आपण मरणार अशी खात्रीच पटली. दवाखान्यात ईसीजी काढला, हृदय ठणठणीत. पण पुन्हा तसं झालं तर? या एका प्रश्नाने बाईला खाल्लं. आधी चौक सुटला, मग बस, मग बाजार, शेवटी जिनासुद्धा; नवऱ्यासोबत टॅक्सीतही बसवेना. कारखान्याने जुनं काजांचं मशीन घरी दिलं आणि शर्टांचे गठ्ठे नवरा वाहू लागला.

नवरा विजेची मीटरं वाचायचा. दिवसभर गावभर हिंडायचा आणि दर दोन तासांनी घरी फोन करायचा. "जेवलीस का? दार लावलंयस ना?" भाजी, औषधं, साबण, सगळं तोच आणायचा. देवमाणूस, असं सगळे म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं.

आई हिंडती-फिरती होती तोवर तीच यायची. तिने अंथरूण धरलं आणि काजवालीचं धाबं दणाणलं. आईला ऐकू कमी, फोनवर "कोण? कोण बोलतंय?" एवढंच. भाऊ म्हणाला, "ताई, दार वाजलं की तिला वाटतं तूच आलीस." त्या दिवशी ती पोटभर रडली आणि नवऱ्याला म्हणाली, "कुणीतरी डॉक्टर बघा."

डॉक्टरीणबाई मनाच्या आजारांच्या. घरी आल्या, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "भीती चढते, चढते, आणि तिथंच थांबलात तर आपोआप उतरते. तुम्ही ती चढत असतानाच घरी पळता. मग मनाला वाटतं, घराने वाचवलं. आता पळायचं नाही." रोज एक गोळी दिली, गुण यायला महिना लागेल म्हणाल्या. आणि यादी केली: जिना, फाटक, औषधाचं दुकान, बसस्टॉप, मग एक स्टॉप, दोन, असं थेट आईपर्यंत.

"फाटकापर्यंत यजमान सोबत चालतील," त्या म्हणाल्या. "पुढे एकटीने. सोबत कुणी असलं की मन म्हणतं, त्याच्यामुळे वाचले." नवऱ्याने मान डोलावली.

औषधाच्या दुकानासमोर पहिल्या दिवशी ती चाळीस मिनिटं उभी होती. पाठ घामाने भिजली. आणि काय सांगावं, भीती खरंच उतरली! चार महिन्यांत बसचे दोन स्टॉप झाले. "अहो, आज बसमध्ये जीव नुसता गुदमरला, तरी उतरले नाही!" ती सांगायची. "शाबास!" नवरा म्हणायचा.

तिसऱ्या स्टॉपच्या दिवशी बस जोराचा हिसका देऊन सुटली. तिच्या मांडीवरची पिशवी घरंगळत मागे गेली. ती उचलायला वळली, तर मागच्या दाराशी नवरा. एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्यात पाण्याची बाटली.

"अहो, तुम्ही? कधीपासून येताय मागे?"

"रागावू नकोस गं. पहिल्या दिवसापासून. तुला काही झालं असतं तर?"

ती मधेच उतरली आणि फुटपाथवरच बसली. त्याने तिला टॅक्सीत घालून घरी आणलं.

डॉक्टरीणबाई त्याच्यावर उखडल्या, मग तिची समजूत घालायला लागल्या. "ते मागे आहेत हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. मग त्यांच्यामुळे कसं? तुम्हीच केलंत सगळं."

"डोक्याला पटतं हो," काजवाली म्हणाली, "छातीला कोण सांगणार?"

पुन्हा फाटकापासून सुरुवात झाली. पण आता दर चार पावलांना ती मागे वळायची. नवरा दिसला तर लाज, नाही दिसला तर धडकी. दुकानाची पाटी दिसण्याआधीच पाय परत फिरायचे.

आणि एका सकाळी भावाचा फोन आला. "ताई, असशील तशी निघ. आईचं काही खरं नाही."

नवऱ्याचा फोन लागेना. तो कुठल्यातरी तळघरात मीटरं वाचत होता. तिने चपला घातल्या, जिना उतरली, फाटक उघडलं. मागे पाहिलं. कुणी नव्हतं. औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन ती धावत परत आली आणि खुर्चीत बसून फोन लावत राहिली. दीड तास.

नवरा धापा टाकत आला. टॅक्सीने दहा मिनिटांत पोचले. भाऊ दारातच उभा होता. आई अर्ध्या तासापूर्वी गेली होती.

सगळं आटोपल्यावर दोघं टॅक्सीने परत निघाली. नवरा लहान पोरासारखा रडत होता. "अगं, माझ्यासाठी थांबलीस कशाला? तुला एकटीला जमलं असतं. मी पाहिलंय ना, माझ्या डोळ्यांनी!"

"तुम्ही पाहिलंत," ती म्हणाली. "मला कुठे बघू दिलंत?"

असा संताप आला तिला, की त्याचा हात झिडकारून टाकावा. पण टॅक्सी फाटकाशी थांबली होती, आणि तिथून घरापर्यंत अंगण ओलांडायचं होतं. तिने त्याचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला.