दिसणारी धूळ

कारखाने तपासणाऱ्या खात्यात त्यांना सगळे 'बोटवाले साहेब' म्हणत. कुठल्याही कारखान्यात शिरले, की मालकाच्या चहाकडे ढुंकूनही न बघता ते खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवायचे आणि मालकाच्या नाकासमोर धरायचे. ही खोड घरीही सुटली नव्हती. कपाटावर बोट फिरताना दिसलं, की बायको म्हणायची, "इथे नोटीस काढायची असेल, तर आधी फडकं हातात घ्या."

बायको त्याच खात्यात टायपिस्ट होती. दोघांचं जमलं ते एका शब्दावरून. खरं तर भांडणावरूनच. धुळीचा नियम नवा होत होता आणि साहेबांनी मसुदा लिहिला होता: 'कामाच्या जागी दिसणारी धूळ आढळल्यास काम तात्काळ थांबवावे.' टाइप करताना तिने नेमका 'दिसणारी' गाळला. साहेबांनी तिन्ही प्रती परत केल्या.

"धूळ म्हटली की दिसणारच ना?" ती फणकारली. "न दिसणारी धूळ तुम्ही कुठे पाहिलीत?"

"तो शब्द हवाच. नाहीतर मालक म्हणतील, आधी मोजून आणा. मोजायचं यंत्र कुणाकडे आहे? डोळे मात्र प्रत्येक कामगाराकडे असतात."

तिने पान पुन्हा टाइप केलं आणि तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी बोलायला लागली, ती पुढे एकतीस वर्षं थांबली नाही. घरात काहीही बिनसलं, की "एका शब्दापायी अख्खं पान बडवायला लावलंत" हे ठरलेलं. पण शब्दाने काम चोख केलं. दगडाच्या, पिठाच्या, कापसाच्या कारखान्यांत कामगार धूळ दिसताच स्वतःच मशीन बंद करू लागले. साहेबांना बढती बेताचीच मिळाली. त्यांची खरी कमाई म्हणजे तो शब्द.

बायको जाऊन आता चार वर्षं झाली होती. साहेब निवृत्त होते आणि खात्यात सूनबाई लागली होती. एका संध्याकाळी ती तोंड पाडून घरी आली.

"बाबा, काचेवर पाणी टिकू नये म्हणून लेप देतात ना, त्याची पावडर बनवणारा कारखाना आहे. नॅनो पावडर. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावतील. पिशव्या भरणाऱ्या बायका नुसता रुमाल बांधतात. एकीला आता जिना चढवत नाही."

"मग काम बंद करा."

सूनबाईने ताट बाजूला सारलं. "मॅनेजर नियमावर बोट ठेवतो. म्हणतो, दिसणारी धूळ दाखवा."

साहेबांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ते हट्टाने तिच्याबरोबर गेले. चौकटीवर बोट फिरवलं, बोट स्वच्छ. शेजारी सूनबाईचं कण मोजणारं यंत्र मात्र आकड्यांवर आकडे दाखवत होतं. पिशव्या भरणारी बाई धापा टाकत म्हणाली, "साहेब, धुळीचं नाव नाही बघा इथे. मग दम का लागतो हो?" साहेबांनी बोट खिशात घातलं.

सरकार तेव्हा नॅनो कारखान्यांसाठी नियम सुधारत होतं. सुनावणीत मॅनेजर ऐटीत म्हणाला, "जुन्या नियमातला एकही शब्द बदलू नये. फार शहाण्या माणसाने लिहिलाय तो."

मागच्या रांगेतून साहेब उठले. "शहाण्याने नाही, मी लिहिलाय. तेव्हा जी धूळ छातीत जायची, ती डोळ्यांना दिसायची. आता 'दिसणारी' हा शब्द कामगाराच्या कामाचा नाही, तुमच्या आडोशाचा झालाय. खोडा तो." बायकोचा अबोला, तिची थट्टा, सगळा संसार त्या एका शब्दाशी बांधलेला होता.

दोन महिन्यांनी सूनबाईने छापील नियम आणून दिला. 'कामाच्या जागी धूळ आढळल्यास काम तात्काळ थांबवावे.' खाली लिहिलं होतं, की बारीक कण यंत्राने मोजावेत आणि पिशव्या बंद खोलीतच भराव्यात.

साहेबांनी कपाटातून जुनी फाइल काढली. बायकोला परत केलेल्या प्रतींपैकी एक त्यांनी तेव्हाच तिच्या टेबलावरून गुपचूप उचलून जपून ठेवली होती. पिवळं पडलेलं ते पान त्यांनी नव्या नियमाशेजारी ठेवलं आणि दोन्ही वाक्यांवरून बोट फिरवलं. अक्षराचाही फरक नव्हता.

"घे," डोळे पुसत ते त्या पानाला म्हणाले, "तुझं पहिलंच पान मंजूर झालं."